दात्याची झडप किती वर्षं टिकते?

मृत दात्याच्या हृदयातून काढलेली झडप दुसऱ्याच्या हृदयात बसवली, तर ती किती वर्षं चालते? साठी ओलांडलेल्या माणसाच्या महाधमनीत बसवलेली अशी झडप बहुतेक वेळा त्याला आयुष्यभर पुरते. तीच झडप, झडपा जपून ठेवणाऱ्या त्याच बँकेतून आलेली, तितक्याच निगुतीने शिवलेली, तीन महिन्यांच्या बाळाला बसवली तर चौथा-पाचवा वाढदिवस येईपर्यंत ती बदलायची वेळ येऊ शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे ‘सरासरी इतकी वर्षं’ हे उत्तर ऐकायला सोपं असलं, तरी समोर बसलेल्या पेशंटला ते लागू पडेलच असं नाही. उत्तर चार गोष्टींवर ठरतं: झडप हृदयात कुठे बसवली, कोणत्या वयात बसवली, बसवण्याआधी ती कशी जपली होती, आणि ‘टिकली’ हे आपण कशावरून म्हणतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. माणसाच्या हृदयातून घेतलेल्या झडपेला डॉक्टर होमोग्राफ्ट म्हणतात. काही कागदांवर अ‍ॅलोग्राफ्ट असं लिहिलेलं दिसेल, अर्थ तोच. ‘टिश्यू व्हॉल्व्ह’ हा शब्द बहुतेकदा डुकराच्या झडपेपासून किंवा गुरांच्या हृदयावरणापासून बनवलेल्या झडपेसाठी वापरतात. ती रसायनात मुरवून टिकाऊ केलेली असते. होमोग्राफ्टला असं मुरवत नाहीत, म्हणून तो मऊ राहतो, खऱ्या झडपेसारखा उघडतो आणि त्यावर रक्ताची गुठळी सहसा धरत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी दर महिन्याची आयएनआर तपासणी त्यासाठी लागत नाही. धातूच्या झडपेपुढे हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे. लहान मुलं, पुढे मूल हवं असलेल्या तरुण बायका आणि जिथे आयएनआर तपासायची सोय जवळपास नाही अशा गावातले पेशंट यांच्यासाठी त्याला फार किंमत आहे.

दात्याच्या हृदयातल्या चार झडपांपैकी दोनच सर्रास वापरल्या जातात: महाधमनीची आणि फुप्फुस धमनीची. झडपेसोबत तिची नळीही घेतात, म्हणजे धमनीचा काही सेंटिमीटरचा तुकडा झडपेसकट येतो. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, बारीक दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला बांधलेली असते. ते दोरे दुसऱ्या हृदयात नेमक्या लांबीने परत बांधणं अतिशय अवघड आहे. ते करून पाहिलं गेलं आहे, पण ती शस्त्रक्रिया नेहमीच्या वापरात आली नाही.

जागेचा प्रश्न

महाधमनीची झडप मिटलेली असताना तिच्यावर साधारण 80 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. फुप्फुस धमनीच्या झडपेवर तो जेमतेम 10 च्या आसपास असतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोका देतं, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. एका मिलिमीटरपेक्षा पातळ पाकळ्यांनी प्रत्येक वेळी हा भार झेलायचा असतो. दात्याची झडप डाव्या बाजूला, म्हणजे महाधमनीत, लवकर का थकते याचं मोठं कारण एवढंच आहे. उजव्या बाजूला भार कमी असतो. शिवाय तिथे थोडी गळती किंवा थोडा अरुंदपणा शरीर बरीच वर्षं खपवून घेतं. आज होमोग्राफ्ट सर्वांत जास्त वापरला जातो तो याच बाजूला: टेट्रालॉजी ऑफ फॅलो, ट्रंकस आर्टेरिओसस, पल्मनरी अट्रेसिया अशा जन्मजात दोषांत, उजव्या कप्प्यापासून फुप्फुस धमनीपर्यंत नवी वाट काढण्यासाठी.

इथे आणखी एक बारकावा आहे. महाधमनीच्या होमोग्राफ्टची भिंत जाड आणि लवचीक तंतूंनी भरलेली असते, आणि तिच्यात कॅल्शियम जास्त साचतं. फुप्फुस धमनीच्या होमोग्राफ्टची भिंत पातळ असते, ती कमी टणक होते. म्हणून उजव्या बाजूला निवड करायला मिळाली तर फुप्फुस धमनीचाच होमोग्राफ्ट घ्यावा. निवड मिळणं हा वेगळा प्रश्न, त्याकडे पुढे येऊ.

जपण्याच्या पद्धतीने काय बदललं

टोरांटोच्या गॉर्डन मरे यांनी 1955 मध्ये दात्याची झडप पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवली, पण ती खाली उतरणाऱ्या महाधमनीत, मूळ जागी नव्हे. मूळ जागी ती बसवली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड रॉस यांनी, 24 जुलै 1962 रोजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑकलंडच्या ग्रीन लेन हॉस्पिटलमध्ये ब्रायन बॅरट-बॉइज यांनी स्वतंत्रपणे तेच केलं.

त्या काळी झडपा जंतुमुक्त करायला बीटा-प्रोपिओलॅक्टोन, इथिलीन ऑक्साइड किंवा किरणोत्सर्ग वापरत, काही ठिकाणी गोठवून सुकवत. जंतू मरत, पण पाकळ्यांचे तंतूही कमजोर होत. काही वर्षांतच पाकळ्या फाटू लागल्या. ‘दात्याची झडप टिकत नाही’ हे मत त्या अनुभवातून बनलं, पण त्यात झडपेपेक्षा रसायनांचा दोष जास्त होता. नंतर झडपा सौम्य अँटिबायोटिकच्या द्रावणात 4 अंशांवर ठेवू लागले आणि चित्र सुधारलं. बॅरट-बॉइज यांच्या अशा पेशंटमध्ये लक्षणीय गळती न झालेल्यांचं प्रमाण 5 वर्षांनी 95 टक्के, 10 वर्षांनी 78 टक्के आणि 14 वर्षांनी 42 टक्के होतं. हे आकडे नीट पाहा. घसरण सरळ रेषेत नाही. पहिली पाच वर्षं जवळजवळ काहीच होत नाही आणि दहाव्या वर्षानंतर उतार एकदम तीव्र होतो. दहा वर्षं छान गेली म्हणून पुढची दहाही तशीच जातील असं धरून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

1975 मध्ये ब्रिस्बेनचे मार्क ओब्रायन यांनी अतिथंड गोठवणीची पद्धत सुरू केली. आजच्या बहुतेक व्हॉल्व्ह बँका थोड्याफार फरकाने तीच वापरतात. ती कशी चालते हे सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण पुढच्या बऱ्याच बिघाडांची मुळं इथेच असतात.

दात्याचं हृदय मृत्यूनंतर साधारण 24 तासांच्या आत काढतात, तेही शरीर लवकर शीतगृहात ठेवलेलं असेल तर. हृदयाचं प्रत्यारोपण करायचं असेल तर हृदय धडधडत असलेला मेंदूमृत दाता किंवा अगदी मोजक्या मिनिटांची घाई लागते. झडपांना एवढी घाई नसते. प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या हृदयातूनही झडपा मिळतात. ज्याला नवं हृदय मिळालं त्याच्या काढून टाकलेल्या जुन्या हृदयातूनही चांगली झडप मिळू शकते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. मार्फान सिंड्रोमसारखा ऊतींचा आजार असेल तर दाता बाद होतो.

मग जंतुविरहित हवेच्या कपाटात झडप कापून काढतात. पाण्याखाली धरून पाकळ्या नीट मिटतात का हे पाहतात. कडेजवळची बारीक छिद्रं चालतात, मध्यभागी असलेली चालत नाहीत. मोजपट्टीच्या सळ्या आत घालून आतला व्यास मिलिमीटरमध्ये नोंदवतात. अँटिबायोटिकच्या द्रावणात ती सुमारे एक दिवस ठेवतात आणि जंतू उगवतात का हे पाहायला कल्चर लावतात. त्यानंतर 10 टक्के डीएमएसओ असलेल्या द्रावणात, दुहेरी पिशवीत, मिनिटाला सुमारे 1 अंश इतक्या संथ गतीने थंड करतात. डीएमएसओ नसेल तर पेशींमधलं पाणी गोठून बर्फाचे टोकदार स्फटिक बनतात आणि ऊती फाटतात. शेवटी पिशवी द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, उणे 135 अंशांच्या खाली जाते. तिथे ती काही वर्षं सुरक्षित राहते.

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या वितळवताना. उणे 150 अंशांची झडप काचेइतकी ठिसूळ असते. पिशवी दाबली, आपटली किंवा थेट गरम पाण्यात टाकली तर भिंतीला केसासारख्या चिरा पडतात. त्या कधी डोळ्यांना दिसतात, कधी शिवून झाल्यावर रक्त झिरपू लागलं की कळतात. म्हणून पिशवी आधी काही मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवतात, मग 37 ते 42 अंशांच्या सलाइनमध्ये. बर्फ पूर्ण गेल्याशिवाय झडप हाताने वाकवत नाहीत. नंतर डीएमएसओ टप्प्याटप्प्याने धुऊन काढतात, प्रत्येक द्रावण आधीच्यापेक्षा पातळ. एकदम साध्या पाण्यात टाकलं तर पेशी फुगून फुटतात. या सगळ्याला साधारण अर्धा तास लागतो आणि वितळवलेली झडप परत गोठवता येत नाही. म्हणून शहाणा सर्जन छाती उघडून, आतलं माप प्रत्यक्ष घेऊन मगच पिशवी उघडायला सांगतो.

आत गेल्यावर तिचं काय होतं

गोठवणीनंतर झडपेतल्या काही पेशी जिवंत असतात, पण त्या सहसा टिकत नाहीत. महिन्यांनी किंवा वर्षांनी काढलेल्या बहुतेक होमोग्राफ्टच्या पाकळ्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जवळजवळ दिसत नाहीत. उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. तो सांगाडा झकास काम करतो, पण पेशी नसल्यामुळे त्याला स्वतःची डागडुजी करता येत नाही. आपल्या स्वतःच्या झडपेत रोज होणारी बारीक दुरुस्ती इथे बंद असते. ही झीज म्हणजे बिघाडाचा पहिला मार्ग.

दुसरा मार्ग प्रतिकारशक्तीचा. दात्याच्या पेशी परक्या असतात, त्यामुळे शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मूत्रपिंड किंवा हृदय बदलल्यावर जशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, तशी इथे देत नाहीत, कारण त्या औषधांचा धोका फायद्याहून मोठा ठरतो. मंद दाह चालू राहतो, भिंत जाड होते, कॅल्शियम साचतं. या अँटिबॉडींचा आणखी एक परिणाम घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही, आणि तो सांगायला हवा: पुढे या मुलाला हृदय प्रत्यारोपणाची गरज पडली, तर जुळणारं हृदय शोधणं अवघड होतं. एकच कप्पा असलेल्या हृदयाच्या बाळांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्यापैकी काहींना पुढे खरंच प्रत्यारोपण लागतं.

तिसरा मार्ग यांत्रिक. नळीला पीळ पडतो, छातीच्या हाडामागे ती दबते, किंवा शिवणीच्या जागी अरुंद होते. चौथा म्हणजे संसर्ग. आणि मुलांमध्ये पाचवा: मूल वाढतं, नळी वाढत नाही.

वय

ओब्रायन यांच्या ब्रिस्बेनच्या गटाने 29 वर्षांत महाधमनीत होमोग्राफ्ट बसवलेल्या 1,022 पेशंटचा हिशोब मांडला. झडपेच्या झिजेमुळे पुन्हा ऑपरेशन न लागलेल्यांचं प्रमाण 15 वर्षांनी असं होतं: ऑपरेशनच्या वेळी वय 20 पर्यंत असलेल्यांत 47 टक्के, 21 ते 40 मध्ये 85 टक्के, 41 ते 60 मध्ये 81 टक्के आणि 60 च्या वर 94 टक्के. एकाच गटाच्या हातची शस्त्रक्रिया, तरी वयाने एवढा फरक पडतो. तरुण शरीरात कॅल्शियमची उलाढाल वेगवान असते, प्रतिकारशक्ती तिखट असते, ठोके जास्त असतात.

पण 94 टक्क्यांचा अर्थ समजून घेताना गफलत होते. अशा हिशोबात जो पेशंट दुसऱ्या कारणाने वारला तो त्या दिवसापासून मोजणीतून बाहेर पडतो. साठीनंतरच्या अनेकांना झडप बिघडण्याआधीच दुसरा आजार गाठतो. म्हणून ‘94 टक्के’ म्हणजे शंभर माणसांपैकी चौऱ्याण्णव 15 वर्षांनी ठणठणीत आहेत असं नव्हे. दुसरी गफलत याहून जास्त होते: ‘पुन्हा ऑपरेशन लागलं नाही’ म्हणजे ‘झडप चांगली आहे’ असं नसतं. गळती असूनही पेशंटचा त्रास सोसण्याजोगा असू शकतो, किंवा दुसऱ्या ऑपरेशनचा धोका जास्त म्हणून ते टाळलेलं असू शकतं. एखाद्या रुग्णालयाचा आकडा दाखवला गेला तर विचारावं: हा आकडा ऑपरेशनचा आहे की इकोचा? इकोवर मोजलेला बिघाड नेहमी आधी आणि जास्त दिसतो, आणि तो जास्त खरा असतो.

लहान मुलांमध्ये हिशोब आणखी कडक. नवजात बाळाला 9 ते 12 मिलिमीटरची नळी बसते, मोठ्या माणसाला 22 ते 26 ची लागते. म्हणजे बाळाला एक तरी बदल ठरलेलाच आहे, बऱ्याचदा दोन. सर्जन वयाला लागणाऱ्या मापापेक्षा थोडी मोठी नळी निवडतात, म्हणजे वाढीला जागा मिळते. मात्र फार मोठी घेतली तर छातीत ती मावत नाही, मुडपते, पाकळ्या वाकड्या मिटतात आणि गळती पहिल्या दिवसापासून सुरू होते. छोट्या मापाचे होमोग्राफ्ट दुर्मीळ असतात, कारण एवढे लहान दाते क्वचितच मिळतात. त्यावर एक युक्ती आहे: मोठ्या होमोग्राफ्टची एक पाकळी तिच्या भिंतीच्या पट्टीसह कापून टाकायची आणि उरलेल्या दोन पाकळ्यांची नळी पुन्हा शिवायची. माप सुमारे एक तृतीयांश कमी होतं. दोन पाकळ्यांची ही झडप बाळाला पहिली काही वर्षं काढून देते, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

बाळाच्या आई-वडिलांना पहिल्या ऑपरेशनआधीच सांगितलं पाहिजे की पुढे आणखी ऑपरेशनं आहेत. ही गोष्ट पाच वर्षांनी कळली तर घरच्यांना वाटतं पहिलं ऑपरेशन फसलं. ते फसलेलं नसतं. नळी लहान पडते, एवढंच.

मोठ्यांच्या महाधमनीत आता ही झडप कधी

साधी झडप बदलायची असेल तर मोठ्यांमध्ये होमोग्राफ्टला आज फारसं स्थान उरलेलं नाही. गुरांच्या हृदयावरणाची झडप शिवायला सोपी आहे, प्रत्येक मापात मिळते आणि मोठ्या वयात जवळपास तेवढीच टिकते. होमोग्राफ्ट मुळासकट बसवला की त्याची सगळी भिंत हळूहळू अंड्याच्या कवचासारखी कडक होते. दुसऱ्या वेळी ती सोडवून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं पुन्हा शिवणं हे अनुभवी हातांनाही कठीण जातं. पूर्वी फक्त झडप आतून शिवायची, मूळ तसंच ठेवायचं अशी पद्धत होती. तिच्यात भिंतीचा त्रास कमी, पण पाकळ्यांची तीन टोकं थोडीही खालीवर झाली की गळती. दोन्हींत तोटा आहे, फक्त तो वेगवेगळ्या वेळी समोर येतो.

जिथे होमोग्राफ्ट अजून मानाने वापरतात ती जागा म्हणजे जंतुसंसर्गाने महाधमनीचं मूळच पोखरलं गेलं, पू झाला, तेव्हा. तिथे सडलेला भाग काढल्यावर मोठा खड्डा उरतो. होमोग्राफ्ट मऊ असल्यामुळे त्या वेड्यावाकड्या कडेला बसतो. त्याला जोडून आलेली मायट्रल पाकळी ठिगळासारखी वापरता येते, आणि जंतूंना चिकटायला कापडी कडं नसतं. तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी: अशा ऑपरेशनचं यश सर्वांत जास्त ठरतं ते सडलेला भाग किती निःशेष काढला यावर. कोणती झडप बसवली हे त्यानंतर येतं.

रॉस शस्त्रक्रिया हा वेगळा विचार आहे. 1967 मध्ये डोनाल्ड रॉस यांनीच ती सुरू केली. पेशंटची स्वतःची फुप्फुस धमनीची झडप काढून महाधमनीत बसवायची, म्हणजे जास्त दाबाच्या जागी जिवंत झडप येते, आणि रिकाम्या झालेल्या कमी दाबाच्या जागी दात्याचा होमोग्राफ्ट लावायचा. दात्याच्या झडपेला सोपं काम, स्वतःच्या झडपेला अवघड काम. लंडनच्या हेअरफील्ड हॉस्पिटलमध्ये 1994 ते 2001 या काळात 216 प्रौढांवर झालेल्या चाचणीत चिठ्ठी टाकून अर्ध्यांना रॉस आणि अर्ध्यांना महाधमनीत होमोग्राफ्ट दिला गेला. 10 वर्षांनी रॉस गटातले 97 टक्के हयात होते, होमोग्राफ्ट गटातले 83 टक्के. तरुण माणसाच्या महाधमनीत होमोग्राफ्ट सुचवला जात असेल तर रॉसबद्दल विचारणं रास्त आहे. मात्र आपल्याकडे संधिवाती ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक आजार, हे झडप बिघडण्याचं मोठं कारण आहे. तरुण ऱ्हुमॅटिक पेशंटमध्ये हलवलेली झडपही त्याच आजाराने बिघडू शकते, हे दिल्लीच्या एम्समधल्या अनुभवातून पुढे आलं.

रॉसमधल्या होमोग्राफ्टची वागणूक लक्षात ठेवावी. अरुंदपणा आला तर तो बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत येतो, आणि नंतर बऱ्याच जणांत तो तिथेच थांबतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या इको चुकवू नयेत.

तपासणीचे आकडे कसे वाचायचे

वर्षातून किमान एक इको. रिपोर्टवर रक्ताचा वेग मीटर प्रति सेकंदात असतो. त्याचा वर्ग करून चारने गुणा, की दाबातला फरक मिळतो. वेग 2 असेल तर 16 मिलिमीटर पारा, 3 ला 36, 4 ला 64. फुप्फुस धमनीच्या नळीत 36 पर्यंत सौम्य, 36 ते 64 मध्यम, 64 च्या वर तीव्र अरुंदपणा धरतात. एका आकड्यावर घाबरू नये आणि एका आकड्यावर निश्चिंतही होऊ नये. गेल्या तीन वर्षांचे आकडे एका कागदावर शेजारी लिहिले की खरी दिशा दिसते. 20, 22, 24 ही एक गोष्ट आणि 20, 32, 48 ही अगदी वेगळी.

गळतीसाठी इको पुरत नाही, कारण उजवा कप्पा छातीच्या हाडामागे असतो आणि त्याचा आकार वाकडा असतो. त्याचं आकारमान एमआरआयवर मोजतात. शरीराच्या दर चौरस मीटरला उजव्या कप्प्याचं भरलेलं आकारमान 150 ते 160 मिलिलिटरच्या वर किंवा रिकामं आकारमान 80 च्या वर गेलं, तर झडप बदलण्याचा विचार सुरू होतो, लक्षणं नसली तरी. हे पेशंटला पटवणं अवघड जातं. ‘मला तर काही होत नाही’ असं तो म्हणतो, आणि ते खरं असतं. पण कप्पा त्यापुढे ताणला गेला की नवी झडप बसवूनही तो मूळ आकाराला परत येईलच असं नसतं.

दात आणि ताप या दोन गोष्टींत हयगय नको, कारण जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोचू शकतात. दात काढणं, हिरड्यांचं काम, मुळाशी जाणारी दुरुस्ती यांच्या आधी 30 ते 60 मिनिटं अमॉक्सिसिलिनचा एकच डोस घ्यायचा असतो: मोठ्यांना 2 ग्रॅम, मुलांना किलोमागे 50 मिलिग्रॅम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर. होमोग्राफ्ट असलेल्यांनाही हा नियम लागू आहे. कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस राहिला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नये. आधी रक्ताची कल्चर, शक्यतो वेगवेगळ्या वेळी घेतलेली तीन, आणि मग औषध. दोन गोळ्या आधी पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि सहा आठवड्यांचा उपचार अंदाजाने करावा लागतो.

झडप गेली तर

उजव्या बाजूला आता दर वेळी छाती उघडावी लागत नाही. 2000 मध्ये पॅरिसमध्ये फिलिप बोनहॉफर यांनी 12 वर्षांच्या मुलाच्या बिघडलेल्या नळीत मांडीच्या शिरेतून झडप नेऊन बसवली. जाळीदार स्टेंटमध्ये शिवलेली ती झडप गुरांच्या मानेतल्या शिरेची होती. जुना होमोग्राफ्ट अशा झडपेला चांगली पकड देतो, त्याचं कॅल्शियम इथे उपयोगी पडतं. धोका दोन ठिकाणी. कडक नळी फुगवताना ती फाटू शकते, म्हणून आवरण असलेला स्टेंट हाताशी ठेवतात. आणि काही जणांत हृदयाची रक्तवाहिनी नळीला इतकी लागून जाते की फुगवलेला स्टेंट तिला दाबतो. हे आधीच ओळखण्यासाठी नळीत फुगा फुगवून त्याच वेळी अँजिओग्राफी करतात. रक्तवाहिनी दबताना दिसली तर तिथेच थांबायचं आणि शस्त्रक्रियेचा मार्ग धरायचा. महाधमनीतल्या बिघडलेल्या होमोग्राफ्टमध्येही कॅथेटरने झडप बसवता येते, पण तिथे बिघाड बहुतेकदा गळतीचा असतो, झडपेच्या कड्यावर कॅल्शियम कमी असतं, आणि नवी झडप सरकण्याची भीती राहते.

पुढची दिशा पेशी काढून टाकलेल्या होमोग्राफ्टची आहे. साबणासारख्या द्रावणाने दात्याच्या पेशी धुऊन काढायच्या आणि फक्त सांगाडा बसवायचा, म्हणजे परकेपणाच कमी होतो. हनोव्हरच्या गटाने आणि ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या गटाने यावर सर्वांत जास्त काम केलं आहे. फुप्फुस धमनीच्या जागी मधल्या काळाचे निकाल आशादायक आहेत. याच कल्पनेने डुकराच्या झडपेची पेशी काढून 2001 मध्ये व्हिएन्नात चार मुलांना ती बसवली होती. त्यांपैकी तीन मुलं दगावली. दाता माणूस आहे की प्राणी याने किती फरक पडतो, हे त्या मुलांच्या मृत्यूतून कळलं.

आपल्याकडची अडचण पुरवठ्याची आहे. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला आणि हृदयाच्या झडपा त्यात येतात. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होतं. मात्र झडपा जपणाऱ्या बँका देशात मोजक्याच आहेत. दिल्लीच्या एम्समधली बँक त्यांपैकी जुनी. नेत्रदानाचा अर्ज घरोघरी माहीत आहे, झडपांचं दान जवळजवळ कोणालाच माहीत नाही. हृदय प्रत्यारोपणाला चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी ‘झडपा घेता येतील का?’ हा प्रश्न घरच्यांनी समन्वयकाला विचारावा. एका हृदयातून दोन पेशंटना झडप मिळू शकते.

ज्यांच्या घरात होमोग्राफ्ट बसवलेला पेशंट आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड घेताना त्यावर पुढच्या गोष्टी आहेत का हे पाहावं: झडप महाधमनीची की फुप्फुस धमनीची, मिलिमीटरमध्ये माप, कोणत्या बँकेतून आली आणि तिचा क्रमांक, कुठे आणि कोणत्या पद्धतीने शिवली, पुढे जोडलेल्या ठिगळाचं साहित्य, आणि घरी जाण्याआधीच्या इकोमधला वेग. दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातला डॉक्टर आत कोणत्या मापाचा स्टेंट बसेल हे ठरवेल ते याच माहितीवरून. तोवर मूळ रुग्णालयातली फाइल मिळेल याची खात्री नसते. कार्डाची छायाप्रत पुसट होते, म्हणून फोटो काढून तो घरातल्या दोघांच्या तरी फोनवर ठेवावा.